कमी किलोमीटर की कमी मालक?

प्रश्न : सातपूरला माझं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. मुलीचं शिक्षण झालं, घराचं कर्ज फिटलं. बरीच वर्षं मनात असलेली पोर्शे बॉक्स्टर आता घ्यायची आहे, पण नवी परवडणार नाही. दोन जुन्या गाड्या समोर आहेत. दोन्ही २०१४ च्या, २.७ लिटर इंजिन, पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एक दिल्ली पासिंग, रीडिंग ११,४०० किलोमीटर, पण चौथा मालक. पहिल्याने सात वर्षं ठेवली, नंतर चार वर्षांत ती तिघांच्या नावावर फिरली. दुसरी पुण्याची, ५२,००० किलोमीटर झालेली, अजून पहिल्याच मालकाकडे. दिल्लीची चार लाखांनी महाग आहे. विकणारा म्हणतो, 'गाडी पळालेलीच नाही, नवीच समजा.' मित्रही सांगतात की स्पोर्ट्स कार ५२ हजार चाललेली घेऊ नये. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुण्याची घ्या. तपासणीत काही मोठं निघालं तर सोडून द्या आणि तिसरी शोधा, पण दिल्लीच्या गाडीसाठी चार लाख जास्त मोजू नका.

५२ हजार हा आकडा एकदम कानावर पडला की मोठा वाटतो. वर्षांनी भागून बघा. वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास येतात, म्हणजे रविवारी सकाळी लोणावळा नाहीतर महाबळेश्वर, आणि मधूनच कधी तरी ऑफिस. अशा गाडीचं इंजिन पूर्ण गरम होतं, तेलातला ओलावा उडून जातो, सील कोरडे पडत नाहीत, बॅटरी चार्ज राहते. बॉक्स्टरचं हे सहा सिलिंडरचं इंजिन नीट सर्व्हिस मिळाली तर ५२ हजाराला थकत नाही. इंटरनेटवर आयएमएस बेअरिंगबद्दल, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगबद्दल, वाचून घाबरलेल्या लोकांचे मला नेहमी फोन येतात. तो आजार २००८ पर्यंतच्या इंजिनांचा. २००९ पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच ठेवलेला नाही, त्यामुळे तुमच्या दोन्ही गाड्यांना ती चिंता नाही.

आता ११,४०० चं बघू. हा आकडा खरा असेल तर गाडी वर्षाला हजारभर किलोमीटर चालली आणि उरलेला सगळा वेळ उभी होती. उभ्या गाडीचं वय वाढायचं थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर अशा वेगाच्या गाडीला ते मी ठेवू देत नाही. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते अंक गाडीखाली वाकून चारही चाकांवर स्वतः वाचा. दिल्लीच्या गाडीवर २०१४ चेच टायर निघाले तर रीडिंग खरं असण्याची शक्यता वाढते, मात्र चारही टायर आणि त्यांचा खर्च तुमच्या अंगावर आला. मागचे टायर एक-दोनदा बदललेले निघाले आणि ब्रेक डिस्कच्या काठाला बोटाला लागेल अशी कड तयार झालेली असली, तर ११,४०० किलोमीटरमध्ये हे कसं झालं, एवढंच विचारा आणि समोरच्याचं उत्तर ऐका.

मीटर मागे घेणं अवघड राहिलेलं नाही. पण पोर्शेच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चालू होतं, याचीही नोंद असते. कंपनीच्या टेस्टरवर ती वाचता येते, आणि मीटर फिरवणारा पुष्कळदा तिच्याकडे दुर्लक्ष करतो. किलोमीटरला तासांनी भागा. शहर आणि हायवे मिळून चाललेल्या गाडीचा सरासरी वेग साधारण ताशी ३० ते ४० येतो. पुण्याच्या गाडीचे १,५०० तास निघाले तर ५२,००० भागिले १,५०० म्हणजे ३५ च्या जवळपास, अगदी सरळ हिशेब. दिल्लीच्या गाडीचे समजा १,१०० तास निघाले. मग सरासरी येते ताशी १० किलोमीटर. दिल्लीची ट्रॅफिक कितीही वाईट असली तरी अकरा वर्षांची सरासरी एवढी खाली जात नाही. एक तर मीटर मागे गेलाय, नाहीतर कोणी तरी बॅटरी उतरू नये म्हणून दर आठवड्याला गाडी जागेवरच चालू ठेवत होतं, आणि तेही इंजिनाला चांगलं नाही. याच टेस्टरवर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं, तेही दिसतं. हाताने गिअर टाकायच्या गाडीत पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर इंजिनाचे हाल होतात. पीडीके तसा गिअर पडूच देत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत ते पान मी फार वेळ बघणार नाही. तासांचं पान मात्र प्रिंट काढून घ्या.

मालकांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लोक आकड्यालाच धरून बसतात. चार मालक असणं हा गुन्हा नाही. बारा वर्षांत चौघांनी तीन-तीन वर्षं गाडी वापरली आणि चौघांची सर्व्हिस बिलं लागोपाठ असली, तर मी ती आनंदाने घ्यायला सांगेन. तुमच्या पत्रातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. चार वर्षांत तीन हात. ज्याने हौसेने बॉक्स्टर घेतली त्याने ती वर्ष-सव्वा वर्षात का सोडली? आणि पुढच्यानेही तसंच का केलं? कधी कारण साधं असतं, बदली होते, पैशांची गरज पडते. पण सलग तिघांची बदली होत नाही. मोठं काम डोक्यावर आलं की ते करण्यापेक्षा गाडी पुढे ढकलणारे खूप असतात.

शिवाय थोड्या दिवसांच्या मालकाला गाडी कळतच नाही. मध्यंतरी पुण्यातल्या एका सोसायटीत मी ग्राहकासाठी बॉक्स्टर बघायला गेले होते. तिसरा मालक, रीडिंग नऊ हजार, रंग आरशासारखा. गाडी गुलमोहराखाली उभी असायची. या गाडीचं कापडी छत अर्धं उघडून थांबवलं की मागच्या कडेला दोन्ही बाजूंना पावसाचं पाणी खाली सोडणारी भोकं दिसतात. डाव्या बाजूच्या भोकात गुलमोहराची बारीक पानं कुजून काळा चिखल झाला होता. मी बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. ते तिथेच उभं राहिलं, हललंही नाही. मग सीटमागच्या कार्पेटखाली हात घातला, तर खालचा फोम पिळून काढावा इतका ओला, आणि त्याच फोममधून वायरिंग गेलेलं. मालक चांगला माणूस होता, लपवत नव्हता. त्याने गाडी पावसाळा संपल्यावर घेतली होती आणि पुढच्या पावसात एकदाही बाहेर काढली नव्हती. त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. दहा वर्षं सांभाळणाऱ्याला ही भोकं दर मे महिन्यात साफ करायची असतात, हे ठाऊक असतं. पुण्याच्या मालकाला सहज विचारा की छताचे ड्रेन कुठे आहेत. त्याने लगेच बोट दाखवलं तर निम्मी तपासणी झाली.

जाल तेव्हा गाडी लिफ्टवर घ्या. बॉक्स्टरचं इंजिन सीटमागे मधोमध बसवलेलं असतं, त्याला उघडायला बॉनेट नाही, त्यामुळे वरून काही दिसत नाही. खालून तेलाचे आणि कूलंटचे डाग बघा, वॉटर पंपाजवळ वाळलेला पांढुरका ओघळ आहे का ते बघा. पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांत टॉर्च मारा. आत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर आहेत आणि तिथे पालापाचोळा साचून ते गंजतात. कुठे पुन्हा रंग मारलाय का ते तपासायला चुंबक घेऊन जाऊ नका. या मॉडेलचे दरवाजे आणि पुढचं-मागचं अशी दोन्ही झाकणं ॲल्युमिनियमची आहेत, तिथे चुंबक चिकटणारच नाही. ॲल्युमिनियमवरही रंगाची जाडी मोजणारं यंत्र असलेला माणूस बरोबर न्या. ५२ हजारांच्या गाडीच्या नाकावर दगडांचे बारीक टवके असायलाच हवेत, ते दिसले तर मला बरं वाटतं. ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेचं चामडं, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि ब्रेक पेडलचं रबर किती झिजलंय, ते दोन्ही गाड्यांत सारख्याच बारकाईने बघा.

एका मालकाचा आणखी एक फायदा इन्शुरन्समध्ये आहे. नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून सुरू होतो आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांवर जातो. तो गाडीला नाही, मालकाला मिळतो. त्यामुळे हात बदलत गेलेल्या गाडीची ही साखळी तुटते. पुण्याच्या मालकाकडे जुन्या पॉलिसी मागा. कुठल्या वर्षी बोनस घसरून शून्यावर आलेला दिसला, तर त्याआधी काय ठोकलं होतं ते विचारता येतं, बिलही मागता येतं.

आणि दिल्लीची गाडी नाशिकला आणायची म्हणजे फॉर्म २८ वर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर. आयात केलेल्या गाडीला आपल्याकडे कराचा दर जास्त आहे. गाडीच्या वयाची सूट धरून किती पडेल, तो आकडा आरटीओतून आधी घ्या आणि त्या चार लाखांत मिळवा.

पुण्याच्या गाडीला स्पार्क प्लग, पीडीकेचं तेल, पुढच्या सस्पेन्शनचे बुश यांपैकी काही निघेल. त्याचं कोटेशन घेऊन किमतीत उतरवून मागा. एवढी वर्षं गाडी सांभाळणारा माणूस असं बोलणं समजून घेतो.

प्रश्न : आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. नवऱ्याच्या पन्नाशीला २००४ ची माझ्दा एमएक्स-५ द्यायचा विचार आहे. ९६,००० मैल, आधीचे मालक सात! भारतात असते तर तिकडे फिरकलेही नसते.
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : फिरका, जरूर फिरका. वीस वर्षं उलटलेल्या, हौसेखातर घेतल्या जाणाऱ्या छोट्या गाडीला तिकडे सात नावं लागणं काही विशेष नाही. लोक एक उन्हाळा मजा करतात आणि विकतात. शिवाय नोंदणीच्या कागदावर गाडी कोणाच्या ताब्यात आहे एवढंच असतं, मालकीचा पुरावा तो कागद देत नाही.

तुमच्याकडे जी सोय आहे तिचा मला हेवा वाटतो. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या एमओटी, म्हणजे तिकडच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, चाचण्या फुकट दिसतात, प्रत्येक वेळचे मैल आणि तपासनिसाचे शेरे यांसकट. मैल दर वर्षी चढतायत ना, मध्येच खाली आले का, ते दहा मिनिटांत कळतं. त्यानंतर मैल विसरा आणि गंजाबद्दलचे शेरे वाचा. या पिढीच्या एमएक्स-५ चं इंजिन दमदार आहे, लाख मैलांना ते डगमगत नाही. तिला मारतो तो हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा गंज. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालची सिल आणि पुढचे चॅसिस रेल, या दोन जागा गुडघ्यावर बसून बघा. इथेही छताचे ड्रेन तुंबले की पाणी सिलमध्ये साचतं आणि ती आतून सडते, वरून रंग छान दिसत राहतो. खाली ताजा काळा अंडरसील, म्हणजे गंज रोखणारा थर, मारलेला असेल तर तो मारण्याआधीचे फोटो मागा. फोटो नाहीत म्हणाला तर दुसरी बघा. तिकडे या गाड्यांना तोटा नाही.

प्रश्न : ठाण्यात एक ऑडी टीटी बघितली. विकणारा 'फर्स्ट हँड' म्हणतो, आरसीवर मात्र दुसरा मालक आहे. पहिल्या मालकाच्या जागी कंपनीचं नाव आहे. खोटं बोलतोय का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नसेलही. बरेच व्यावसायिक गाडी कंपनीच्या नावावर घेतात आणि काही वर्षांनी स्वतःच्या नावावर करून घेतात. माणूस तोच, पार्किंग तेच, कागदावर मात्र मालक दोन. तो त्या कंपनीत संचालक किंवा भागीदार होता का, ते कागदावर दाखवायला सांगा. दोन्ही काळातल्या सर्व्हिस बिलांवरचा पत्ता आणि फोन नंबर जुळतो का, ते बघा. जुळला तर मी ती एका हाताचीच गाडी मानेन.

परिवहनच्या ॲपवर बँकेचा बोजा आहे का, ते बघून घ्या. असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की गाडी नावावर होईपर्यंत मूळ पावत्या स्वतःकडे ठेवा आणि चौदा दिवसांच्या आत इन्शुरन्स कंपनीला नाव बदलायचा अर्ज द्या. अशा गाडीचा एक हेडलाइट फुटला तरी केवढा खर्च येतो, आणि तेव्हा पॉलिसी जुन्याच नावावर असली तर क्लेम अडतो.