प्लेटिंगच्या कामावर नवीन लागतोयस, तर आधी एवढं कर

आयटीआय संपवून थेट अंबडच्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवतात तिथे, चाललायस, छान. काम शिकण्यासारखं आहे. रसायनांची नावं, बाथचं (टाकीतल्या द्रावणाचं) प्रमाण हळूहळू कळेल. पहिल्या महिन्यात हे पक्कं धर:

– ॲसिड पातळ करताना आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं ॲसिड. उलटं केलंस तर एकदम उष्णता होऊन ॲसिड तोंडावर उडतं.
– सायनाइडच्या टाकीजवळ ॲसिड न्यायचं नाही. बादली-मग, जाळीसुद्धा दोन्हीकडची वेगळी. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, तो जीव घेतो. जुने कामगार एकच मग विसळून दोन्हीकडे वापरताना दिसले, तरी तू वापरू नकोस. इथे मी कुणाचंच ऐकणार नाही.
– डोळ्यात उडालं तर सुपरवायझरला शोधत बसू नकोस. डोळा उघडा धरून किमान १५ मिनिटं पाण्याने धू, मग दवाखाना. नळ कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेव.

नवी मुलं हमखास चुकतात ती हातमोज्यांत. कापडी मोजा ॲसिड शोषतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो. रबरीच माग, आणि घालण्याआधी फुगवून भोक नाही ना ते बघ. पँट गमबुटात खोचू नकोस, बुटावरून बाहेर सोड, नाहीतर ओघळ आत जातो. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही.

पाण्याच्या बाटलीत रसायन भरलेलं दिसलं तर लगेच सांग. ड्रमवरचं लेबल कळलं नाही, तर मराठीत समजावून मागायला अजिबात लाजू नकोस.