पडदा आधी, बेडपॅन नंतर

अगं, नर्स म्हणून वॉर्डातल्या पहिल्या आठवड्यात एकच सवय लाव. बेडपॅन द्यायचा असो की स्पंजिंग करायचं असो, आधी पडदा ओढ, मग पेशंटला विचार, "काका, आता अंग पुसू का?" बेशुद्ध असला तरी विचार. आणि "सात नंबर" म्हणू नकोस, नावाने हाक मार.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले. ते त्या काळी घरच्या गड्याचं काम. आपल्या वॉर्डात ते काम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, ओली चादर काढणं. आयाबाईवर ढकलून मोकळी होऊ नकोस.

एचआयव्हीचा रिपोर्ट आला की मात्र जीभ सांभाळ. नव्यानव्यात मी एकदा नातेवाइकांसमोर बोलून गेले. त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. २०१७ च्या कायद्याने तर संमतीशिवाय सांगायला बंदीच आहे.

पेशंटसाठी प्रार्थना करायची का? त्यांनी मागितली तर जरूर कर. पण सलाईन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे ध्यानात ठेव. न विचारता सुरू केलीस तर ती जबरदस्तीच. कुणी गणपतीचा फोटो उशाशी ठेवला असेल, तर चादर बदलताना तो नीट उचल आणि परत जागेवर ठेव.