सुपारी घेतली, हिशेब कुठंय?

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या नौपाड्यातल्या ऑफिसात मंडपवाले, मेंदीवाल्या, केटरर, फोटोग्राफर यांची ये-जा सुरू होते. गेल्या सीझनपासून लेखी प्रश्नही येऊ लागलेत. एकच गोंधळ वीस हस्ताक्षरांत येतो, म्हणून निवडक प्रश्नांना इथेच उत्तरं देते. मी कर सल्लागार आहे, वकील नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : मी ऐरोलीत घरूनच मेंदीच्या ऑर्डर घेते. वर्षाला पाच लाखांच्या आत कमाई. जीएसटी नंबर घ्यायलाच हवा का? एक ताई म्हणाल्या, नंबर नसेल तर हॉलवाले आत घेत नाहीत.

उत्तर : नको. सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. त्याच पॅनवर तुमचा आणखी काही धंदा असेल तर मात्र दोन्हींची बेरीज धरतात, तेव्हा भेटा. हॉलवाल्याचा नियम हॉलवाल्याला विचारा, ताईंना नको.

प्रश्न : उद्यम प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अडीच हजार भरले. आता ‘नूतनीकरण करा, नाहीतर रद्द होईल’ असे फोन येतात. भरू का? (केटरिंगला भांडी देणारे, कोपरखैरणे)

उत्तर : उद्यम, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट असते. १ जुलै २०२० ला ती सुरू झाली तेव्हापासून फुकटच आहे. आधार आणि पॅन लागतो, कागद चढवावे लागत नाहीत, नूतनीकरण नावाचा प्रकारच नाही. तुम्ही पैसे भरलेत ते सरकारी शिक्क्यासारखं चित्र लावून बसलेल्या दुकानाला. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, एवढं आधी बघायचं होतं. फोन ठेवून द्या. प्रमाणपत्र खरं आहे का, ते मात्र सरकारी पोर्टलवर नंबर टाकून तपासा. खरं निघालं तर जपून ठेवा. बड्या कंपनीनं बिल थकवलं, तर छोट्या उद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती करण्याच्या नियमाचा आधार घेता येतो का, हे तेव्हा सल्लागाराला विचारा.

प्रश्न : खारघरमध्ये वेडिंग प्लॅनिंग करतो. पार्टीकडून १४ लाख घेतो, त्यातून हॉल, केटरर, डेकोरेशन सगळं भागवतो. माझे सुटतात सव्वा लाख. मित्र म्हणतो, उलाढाल म्हणजे फक्त सव्वा लाख. बरोबर ना?

उत्तर : मित्राचं शिक्षण काय ते लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. १४ लाख तुमच्या नावानं आले, बिल तुमच्या नावानं गेलं, तर उलाढाल १४ लाखांची. अशी दोन लग्नं केलीत की २० लाखांची रेघ मागे पडली, आणि तिथून ३० दिवसांत जीएसटी नोंदणीचा अर्ज करावा लागतो.

पार्टीच्या वतीनं, पार्टीच्या लेखी संमतीनं, दुसऱ्याचे पैसे जसेच्या तसे पुढे दिले तर ते वगळता येतात. जीएसटी नियमावलीतला हा ३३ वा नियम. पण ‘जसेच्या तसे’ हे शब्द दोनदा वाचा. मंडपवाल्यानं तुम्हाला बिल दिलं तीन लाखांचं आणि तुम्ही पार्टीला दाखवलं साडेतीन, तर तिथंच तो आधार सुटला. शिवाय मंडपवाला मागच्या दारानं जे कमिशन देतो तेही उत्पन्नच, आणि कमिशनच्या उत्पन्नाला आयकराची अंदाजित नफ्याची सोपी योजना लागू होत नाही, वह्या ठेवाव्या लागतात. तुमची बिलं बघितल्याशिवाय याहून जास्त सांगणार नाही. सांगणाऱ्याचं ऐकूही नका.

प्रश्न : घोडबंदर रोडला डेकोरेशनचा छोटा व्यवसाय आहे. एका पार्टीचं लग्न मोडलं. आम्हाला तीन महिने आधी कळवलं. त्या तारखेला डोंबिवलीचं दुसरं काम मिळालं. आता पहिली पार्टी ४० हजार ॲडव्हान्स परत मागते. पावतीवर ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ असं छापलेलं आहे. पैसे तर कापडात गेले. द्यावे लागतील का?

उत्तर : छापलं म्हणून पैसे तुमचे झाले नाहीत. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करार मोडला तर मिळते ती वाजवी भरपाई. करारात लिहिलेला आकडा ही फक्त तिची वरची मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर नुकसानीशी काहीच प्रमाण नसलेला दंड ‘अनुचित करारा’च्या व्याख्येतच बसवलाय. तुमचं नुकसान किती? तारीख दुसऱ्याला दिलीत, कापड तुमच्याच गोडाऊनमध्ये आहे. पावती, मेसेज, डोंबिवलीचं बिल, सगळं घेऊन वकिलाला भेटा आणि तडजोडीनं मिटवा.

हे झालं तुमच्यापुरतं. आता जरा सगळ्यांनीच ऐका, कारण दहा पत्रांतल्या सात पत्रांचं मूळ इथं आहे.

आपण ॲडव्हान्सला सुपारी म्हणतो. सुपारी घेणं म्हणजे काम अंगावर घेणं. काम होईपर्यंत तो पैसा तुमच्या डोक्यावरचं देणं असतं. आपल्याकडे मात्र सुपारी खिशात पडली की ती कमाई, आणि कमाई म्हटलं की गाडीचा हप्ता.

गेल्या वर्षी एक डेकोरेटर त्याची डायरी घेऊन आला. पहिल्या पानावर ‘श्री’, हळदकुंकू वाहिलेलं. आत ‘कळवा पार्टी १०’, ‘नेरूळ आले’, ‘२ ता. १५ बाकी’. हे १० म्हणजे दहा हजार की दहा तारीख, ते त्यालाही आठवेना. एका पानावर शेवंतीची पाकळी वाळून चिकटली होती, नखानं खरवडली तर खालचा आकडाही निघून आला. दोन तास बसून आम्ही जुळवलं तेव्हा कळलं की फेब्रुवारीच्या सुपाऱ्या डिसेंबरच्या लेबरला वाटल्या गेल्या होत्या, आणि फेब्रुवारीची फुलं मेच्या सुपाऱ्यांतून आली होती. माणूस कामाला सोनं आहे, मंडपाची एक झालर वाकडी चालत नाही त्याला. पण मेमधलं एक लग्न रद्द झालं असतं तर परत द्यायला त्याच्याकडे पाच हजारही नव्हते.

असं झालं की काय होतं ते २०२० मध्ये सगळ्यांनी बघितलंय. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला, अक्षय्य तृतीया आली २६ एप्रिलला. पुढच्या वर्षी २२ एप्रिलपासून पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांनी सुपारीचा पैसा बाजूला ठेवला होता त्यांनी कुणाला पुढची तारीख दिली, कुणाला पैसे. बाकीच्यांनी फोन बंद ठेवले, आणि ठाणं तसं लहानच गाव आहे.

असं व्हायला साथीचा रोगच यावा लागतो असंही नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. म्हणजे सुट्टीतला सीझन पंचांगानंच अर्धा कापला, आणि पुढे चातुर्मास. आपत्कालीन मुहूर्तावर लग्नं होतात, पण त्यावर दहा-बारा लेबरचं पोट भरत नाही. अधिक महिना कधी येणार हे पंचांगवाल्यांना कितीतरी आधी माहीत असतं. तरी मला एप्रिलमध्ये फोन येतात, ‘मॅडम, यंदा मेमध्ये कामंच नाहीत हो.’

तेव्हा दुसरं बँक खातं उघडा. सुपारी फक्त त्यात. त्या पार्टीसाठी माल घ्यायचा तर त्यातूनच, बिल लावून. काम उरकलं, शेवटचं बिल झालं, की उरलेलं आपल्या धंद्याच्या खात्यात, आणि तिथून घरखर्चाला ठरावीक रक्कम. जीएसटी नोंदणी असेल तर सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे येतात तेव्हाच कर लागतो, हेही ध्यानात ठेवा. पुढे काम रद्द होऊन पैसे परत केले तर तो कर जुळवून घेता येतो, पण त्यासाठी पावती हवी, परताव्याचा कागद हवा. शेवंतीची पाकळी चालत नाही.

कागदाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं : ‘व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवलाय ना त्यांनी.’ अहो, ज्यांची जन्माची सोयरीक जुळणार ती दोन घरं सतरंजीवर बसून याद्या करतात. मानपानाच्या साड्या किती, हॉलचं भाडं कुणाकडे, मुंडावळ्या कुणी आणायच्या, सगळं लिहून दोन्हीकडची मंडळी सह्या करतात. त्यांना एकमेकांवर अविश्वास असतो म्हणून नव्हे. ऐन कार्यात वाद नको म्हणून. आणि तुम्ही चार तासांच्या ओळखीवर लाखाचं काम घेता.

एक पान पुरतं. तारीख, जागा, कामात काय येतं आणि काय येत नाही, हप्ते कधी. लग्न रद्द झालं तर किती दिवस आधी कळवल्यास किती रक्कम कापणार, तारीख पुढे गेली तर काय, पावसानं किंवा सरकारी बंदीनं अडलं तर काय. दोन्हीकडच्या सह्या. हा मसुदा वकिलाकडून एकदाच करून घ्या. इंटरनेटवरून दुसऱ्या राज्यातल्या कुणाचा तरी उतरवू नका. परवा एकाच्या करारात वाद झाल्यास न्यायालय जयपूरचं लिहिलेलं होतं.

प्रश्न : लग्नाचे फोटो मी काढले, मग ते माझ्या इन्स्टाग्रामवर टाकायला पार्टी हरकत कशी घेते? (फोटोग्राफर, वाशी)

उत्तर : घेऊ शकते. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट, उलटं काही ठरलेलं नसेल तर, काम देणाऱ्याचा असतो, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं. नमुना म्हणून वापरायचे असतील तर वर सांगितलेल्या पानावर एक ओळ वाढवा. वाद पेटलाच असेल तर आधी फोटो उतरवा, मग वकील गाठा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी घणसोलीत रुखवत आणि केळवणाच्या सजावटीचं काम करतो. मी भांडवल घातलं, ती काम जास्त करते. वाटणी तोंडी ठरली आहे. मैत्रीत करार कशाला?

उत्तर : मैत्री टिकावी म्हणून. १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा आणि तोटा सारखा वाटायचा, भांडवल कुणाचंही असो. तोंडी ठरलेलं आहे म्हणता. उद्या तिला वेगळं आठवलं तर तुमच्या हातात काय आहे? भागीदारी संस्थेची नोंदणी केली नसेल तर पैसे बुडवणाऱ्या पार्टीवर करारापोटी दावा लावता येत नाही. आणि एकीनं केलेलं देणं दुसरीच्या घरापर्यंत येतं. करारनामा करा, नोंदणी करा, संस्थेच्या नावानं वेगळं पॅन आणि खातं. खर्च परवडतो. प्रायव्हेट लिमिटेडचं पॅकेज विकायला कुणी आलं तर इतक्यात सही करू नका. दोन पाटांच्या रुखवताला कंपनीचा दरवर्षीचा ऑडिट खर्च झेपत नाही.

प्रश्न : केटरिंगचे तीन लाख पार्टी रोखच देणार म्हणते. तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक लाख घेतले तर चालेल असं ऐकलं. (ठाणे पूर्व)

उत्तर : चुकीचं ऐकलंत. एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. लग्न हा एकच प्रसंग, मग हप्ते तीन करा नाहीतर तीस. हे जुन्या आयकर कायद्यातलं कलम २६९एसटी. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, कलमाचा आकडा बदलला, नियम गेला नाही. दंड घेतलेल्या रकमेएवढाच, आणि भरायचा घेणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही. जाता जाता : तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या नमुन्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर दिसला नाही. १ जानेवारी २०२२ पासून तो लागतो. नोंदणीच नसेल तर पुढची सुपारी घेण्याआधी ती करा.

प्रश्न : गावठाणातल्या हळदीला साउंड रात्री दोनपर्यंत लावा म्हणतात, पोलिसांना ‘सांगून ठेवलंय’ म्हणतात. आमची जबाबदारी काय?

उत्तर : उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे. सांगून ठेवलं असेल तर लेखी परवानगी दाखवायला सांगा. साउंड उचलून नेतात तेव्हा तो तुमचा असतो, यजमान जेवायला बसलेले असतात. (आगरी हळदीत धवलारीण धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायची, तिला वीजही लागत नव्हती. असो.)

प्रश्न : दोन वर्षं मंडपाचा धंदा करतोय, काहीच नोंद नाही. सगळं एकदम मार्चमध्ये करून घेऊ का?

उत्तर : मार्चमध्ये माझ्या जिन्यात उभं राहायला जागा नसते. या आठवड्यात या. पॅन, आधार, दोन वर्षांची बँक स्टेटमेंट, गूगल पेचा इतिहास आणि लेबरला दिलेल्या पैशांचे कागद, असतील तेवढे, आणा. गुमास्ता लायसन्सचं आणि व्यवसाय कराचंही तेव्हाच बघू. डायरी असेल तर तीही आणा, आणि घरून निघताना ती स्वच्छ लिहून काढायला बसू नका. मला जुनीच हवी आहे.