प्राध्यापकीची वाट पाहायची की कंपनीत जायचं?

प्रश्न: मी 32 वर्षांची, नागपूरची. संख्याशास्त्रात एम.एस्सी., नेट आणि पीएच.डी. झालंय. चार वर्षांपासून एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. आठवड्याला 9 तास, तासाला 900 रुपये. गेल्या वर्षीच्या दोन्ही सत्रांचं मानधन मार्चमध्ये एकदम मिळालं, मधले दहा महिने मिस्टरांच्या पगारावर घर चाललं. आता गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीने डेटा अ‍ॅनालिस्टची ऑफर दिली आहे, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 11 लाख. इकडे संस्थेतले लोक म्हणतात, दोनेक वर्षांत कायम पद निघेल (चार वर्षांपूर्वीही हेच म्हणाले होते), पण 40 लाखांची 'व्यवस्था' करावी लागेल. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. ते बेसा-पिपळा रोडवरचा प्लॉट विकायला तयार आहेत. प्राध्यापकासारखा पगार आणि पेन्शन खासगीत कुठे, असं त्यांचं म्हणणं. मिस्टर खासगी नोकरीत, हातात 52 हजार येतात. मुलगा तीन वर्षांचा, घरकर्जाचा हप्ता 24 हजार. काय करू?

उत्तर:

ताई, पगाराबद्दल बाबा चुकीचं बोलत नाहीत. आयटीत पैसाच पैसा आणि मास्तरकीत काही नाही, हे कायम प्राध्यापकाच्या बाबतीत खरं नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. त्यावर महागाई भत्ता 55 टक्के आणि नागपूरचा घरभाडे भत्ता 20 टक्के धरला तर महिन्याला एक लाख एक हजाराच्या आसपास होतात. त्यातून एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) 10 टक्के म्हणजे 8,900 रुपये आणि 200 रुपये व्यवसाय कर कापला तर हातात 91-92 हजार पडतात. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला कर नाही आणि वर 75 हजारांची प्रमाणित वजावट आहे, म्हणून या पगारावर सध्या आयकरही लागत नाही.

आता तुमची ऑफर. 11 लाखांचा आकडा पाहून त्याला सरळ बाराने भागू नका. तुम्ही पाठवलेल्या ऑफर लेटरमध्ये 1 लाख 10 हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे मिळाले तर मिळाले. बेसिक साडेपाच लाख, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 66 हजार आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साडेसव्वीस हजार. गटविम्याचे 12 हजारही त्याच 11 लाखांत मोजलेत. हे सगळं वजा करून, तुमच्या वाट्याचा पीएफ कापून, दर महिन्याला खात्यात 68 हजार येतील. कर इथेही शून्य.

म्हणजे सुरुवातीलाच कायम प्राध्यापक तुमच्या कंपनीपेक्षा महिन्याला 23-24 हजार जास्त घरी नेतो. निवृत्तीसाठीची रक्कम वेगळीच. प्राध्यापकाच्या एनपीएस खात्यात त्याचे 10 आणि सरकारचे 14 टक्के मिळून महिन्याला साडेएकवीस हजार जमा होतात. तुमच्या पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून 11 हजार जातील. दोन्ही फरक एकत्र केले तर कायम नोकरी वर्षाला साधारण 4 लाख 10 हजारांनी सरस ठरते. व्हेरिएबल पूर्ण मिळाला तरी 3 लाखांनी.

पुढेही प्राध्यापक मागे पडत नाही. पीएच.डी. असलेल्याला पहिली पदोन्नती चार वर्षांनी, दुसरी त्यानंतर पाच वर्षांनी आणि आणखी तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापकपद. तिथलं मूळ वेतन 1,31,400 रुपये, वरच्या भत्त्यांच्या दरानेच महिन्याला 2 लाख 30 हजारांच्या घरात. कंपनीत तिथे पोचायचं तर बारा वर्षं सलग 8 टक्के वाढ हवी, आणि मधे नोकरी जायला नको. (कॅसची, म्हणजे या पदोन्नतीची, फाइल सहसंचालक कार्यालयात किती दिवस पडून राहते, हे स्टाफरूममध्ये तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. पण उशिरा का होईना, फरकाची रक्कम येते.)

तरीही मी तुम्हाला कंपनीत जा असंच सांगणार आहे. का? कारण हा सगळा हिशेब तुमच्याकडे नसलेल्या नोकरीचा आहे.

तुमच्या हातात आहे ती तासिका. दोन सत्रांत मिळून शिकवण्याचे आठवडे 30 च्या आसपास धरा. 9 तास गुणिले 900 गुणिले 30, म्हणजे वर्षाला 2 लाख 43 हजार. दिवाळीची सुटी, परीक्षा, उन्हाळा सगळं बिनपगारी. पीएफ नाही, विमा नाही, आणि चार वर्षं शिकवूनही निवृत्तीच्या नावाने एक रुपया जमा नाही. बरं, घरकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो आणि तुमचं मानधन मार्चमध्ये येतं. मधले दहा महिने मिस्टरांच्या 52 हजारांतून 24 हजार हप्ता गेल्यावर 28 हजारांत घर चाललं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ही तासिकेची नोकरी तुमच्या घराने स्वतःच्या खिशातून चालवली.

म्हणून तुलना करायची ती कंपनी आणि तासिका यांची. कंपनीत वर्षाला हातात 8 लाख 17 हजार आणि पीएफ 1 लाख 32 हजार. त्यातून तासिकेचे 2 लाख 43 हजार वजा करा. वाट पाहण्याचं एक वर्ष तुम्हाला 7 लाखांना पडतं. दोन वर्षं म्हणजे 14 लाख, पाच वर्षं म्हणजे 35 लाख.

इथे जरा थांबून पाहा, कारण हिशेब वाटतो तितका एकतर्फी नाही. दोन वर्षांनी पद खात्रीने आणि फुकट मिळणार असेल, तर 14 लाखांचा तोटा वर्षाला 4 लाख 10 हजारांच्या फायद्यातून साडेतीन वर्षांत भरून निघतो. तुम्ही तेव्हा 34 च्या असाल, निवृत्ती 60 ला. तसं असतं तर मीच म्हटलं असतं, थांबा. पण खात्री कोण देतंय? अनुदानित पद निघायला आधी कार्यभार बसावा लागतो, म्हणजे विषयाचे पुरेसे तास भरावे लागतात, मग शासनाची मान्यता, वित्त विभागाची परवानगी, रोस्टरची म्हणजे आरक्षणाच्या क्रमाची तपासणी, जाहिरात, निवड समिती. यातल्या बऱ्याच पायऱ्या संस्थेतल्या त्या लोकांच्या हातात नाहीत. रोस्टरमध्ये तुमच्या विषयाचं पद दुसऱ्या प्रवर्गाला गेलं तर तुमची दोन वर्षं तशीच गेली. चार वर्षांपूर्वीही तुम्हाला 'दोनेक वर्षांत'च सांगितलं होतं, हे तुमच्याच पत्रात आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

आता त्या 40 लाखांबद्दल. या विषयावर आपल्याकडे कुजबुज फार होते आणि हिशेब कोणी मांडत नाही.

प्लॉट विकून 40 लाख आले आणि ते बाबांनी बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला 2 लाख 60 हजार व्याज येतं. कायम नोकरीचा फायदा 4 लाख 10 हजार. त्यातून हे बुडालेलं व्याज वजा केलं की उरतात दीड लाख. दीड लाखाने 40 लाख फेडायला साडेसव्वीस वर्षांहून जास्त लागतात. 34 व्या वर्षी रुजू होऊन साठाव्या वर्षी निवृत्त झालात तर नोकरी होते 26 वर्षांची. म्हणजे पैसे देऊन घेतलेली प्राध्यापकी आयुष्यभरात कंपनीच्या नोकरीची जेमतेम बरोबरी करते, तीही काही अडलं नाही तर. वाट पाहण्याचे 14 लाख मी यात धरलेलेच नाहीत. पदोन्नतीने पुढे फरक वाढेल, असं बाबा म्हणतील. वाढू शकतो. पण चाळीस लाख आज जातात आणि वाढ बारा वर्षांनी दिसते. तोवर त्या प्लॉटचा भाव काय झाला असेल, याचा अंदाज त्यांनाच विचारा. बेसा भागात जमिनी कशा चढल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय ही लाच आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक धरले जातात आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. पावती मिळत नाही. पद निघालं नाही, पदाधिकारी बदलले, संस्थेत दोन गट पडले, तर पैसे परत मागायला कुठल्या दारात जाणार? प्लॉट विकल्यावर भांडवली नफ्यावरचा कर पांढऱ्यात भरायचा आणि उरलेली रक्कम रोखीने द्यायची, म्हणजे बाबांच्या बँक खात्यात एक मोठा खड्डा राहतो, ज्याचं उत्तर आयकर खात्याला देता येत नाही. आर्थिक सल्लागार म्हणून हा पर्याय मी कागदावरच घेत नाही. वरचा हिशेब मांडला तो फक्त बाबांना दाखवता यावा म्हणून.

पेन्शनचंही त्यांना शांतपणे सांगायला हवं. त्यांना मिळते ती जुनी पेन्शन, पगारातून एक रुपयाही न कापता आलेली. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना ती नाही. त्यांच्या पगारातून दर महिन्याला एनपीएससाठी कपात होते. या योजनेत मधल्या काळात सुधारणा झाल्या आहेत, पण बाबा ज्या पेन्शनचं बोलतायत ती आता तुमच्या वयाच्या प्राध्यापकाला नाही. आणि एनपीएस म्हणाल तर ते कंपनीत असतानाही स्वतःचं उघडता येतं. पीएफच्या 11 हजारांवर आणखी साडेदहा हजार दर महिन्याला त्यात टाकलेत, तर कायम प्राध्यापकाइतकीच रक्कम तुमच्या म्हातारपणासाठी जमा होईल. हातात 68 ऐवजी साडेसत्तावन्न हजार राहतील. आजच्यापेक्षा तरी खूप.

कंपनीच्या नोकरीला मी सोन्याची ठरवत नाही. नागपुरात मिहान आणि आयटी पार्क धरूनही तुमच्या कामाच्या जागा पुण्या-हैदराबादच्या मानाने थोड्या आहेत. मोठी उडी घ्यायची वेळ आली की शहर सोडायचा प्रश्न येतोच, आणि तीन वर्षांचा मुलगा तेव्हा शाळेत असेल. कपात झाली तर दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून बाहेर. साध्या रिपोर्टचं काम आता यंत्रं करू लागलीत. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: तुम्हाला नुसतं सॉफ्टवेअर चालवता येतं असं नाही, संख्याशास्त्र येतं. नमुना कसा घ्यायचा, निष्कर्ष कुठे फसतो, हे कळणारी माणसं डॅशबोर्ड बनवणाऱ्यांपेक्षा कमी असतात. पहिल्या वर्षात आर किंवा पायथन या संगणक भाषांवर हात बसवा आणि काम मागून घ्या ते अंदाज बांधण्याचं, तक्ते भरण्याचं नको.

नोकरीची ही जोखीम आहे म्हणूनच पहिले नऊ महिने गुंतवणुकीचं नाव काढू नका, वरच्या एनपीएसचंही नाही. दर महिन्याला 40 हजार बाजूला काढा. नऊ महिन्यांत 3 लाख 60 हजार होतील, म्हणजे हप्ता धरून तुमच्या घराच्या सहा महिन्यांच्या खर्चाला पुरतील एवढे. निम्मे एफडीत, निम्मे लिक्विड फंडात. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो, म्हणून तिघांसाठी 10 लाखांचा स्वतःचा फ्लोटर, म्हणजे कुटुंबाचा एकत्रित आरोग्य विमा, घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून काढला आहे, तेवढा हप्ता हलका झालाय. तुमच्या आणि मिस्टरांच्या नावे प्रत्येकी एक कोटीचा टर्म प्लॅन. घरकर्जाची घाईने परतफेड आत्ता नको.

आणि प्राध्यापकी? ती सोडा असं मी म्हणतच नाही. नेट कायमचं आहे, पीएच.डी. कोणी काढून घेत नाही. एमपीएससीमार्फत शासकीय महाविद्यालयांच्या जाहिराती निघतात, नागपूरच्या व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी या तंत्रशिक्षण संस्थांची पदं निघतात. तिथे चाळीस लाख कोणी मागत नाही. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, वर्षाला एखादा शोधनिबंध चालू ठेवा, म्हणजे मुलाखतीत मधली वर्षं मोकळी दिसणार नाहीत. पद मिळालं तर कंपनी सोडून खुशाल जा. पगाराच्या हिशेबाने तो निर्णय योग्यच ठरेल. फक्त ती वाट 68 हजारांच्या पगारावर पाहा, 900 रुपये तासाने नको. लग्नपत्रिकेत नावाआधी 'प्रा. डॉ.' छापायची हौस आपल्याकडे दांडगी आहे. त्यातलं 'डॉ.' तुमच्याकडे आहेच, आणि ते कंपनीच्या ओळखपत्रावरही लागतं.

विनाअनुदानित महाविद्यालयांचा विचारही करू नका. वेतनश्रेणी कागदावर पूर्ण असते, पण हातात किती आणि कधी पडतं, हे तिथल्या ओळखीच्या एखाद्या शिक्षकाला एकांतात विचारा.

ऑफर स्वीकारण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. नोटीस पिरियड 90 दिवसांचा दिसतोय, तो 60 करून मागा. निवड झाल्यावर महाविद्यालयं रुजू व्हायला फार मुदत देत नाहीत. आणि ऑफर लेटरसोबत आलेला दोन वर्षांचा बॉन्ड नीट वाचा, सोडल्यास नेमकी किती रक्कम भरायची ते त्यात आकड्यात हवं. 'प्रशिक्षणाचा खर्च' असं मोघम असेल तर एचआरकडून मेलवर आकडा मागवा. महाविद्यालयाकडून चार वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र आणि मानधनाच्या नोंदी सत्र संपण्याआधीच घेऊन ठेवा. एकदा सोडल्यावर ती कागदं मिळायला फेऱ्या माराव्या लागतात.

आणि प्लॉट न विकण्याचं ठरलं की बाबांना एक काम सांगा. त्याचं आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) झालंय का, नकाशा आणि कर पावत्या त्यांच्या नावावर नीट आहेत का, हे एनएमआरडीएत (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) जाऊन पाहून यायला. नसेल झालं तर ते आधी करून घ्या, त्याला पैसा लागला तर तुमच्या पहिल्या दोन पगारांतून द्या.