सबवूफर घ्यायचाय? आधी जागा ठरवा, मग किंमत

नागपुरातल्या मनीष नगरच्या एका वाचकांनी विचारलंय. टू बीएचके फ्लॅट, तिसरा मजला, हॉल अकरा बाय सोळा फूट. टीव्हीला रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेतच, आता सबवूफर, म्हणजे बेस किंवा खर्जाचा आवाज देणारा स्पीकरचा डबा, हवाय. पसंतीस दोन उतरलेत. एक १० इंची, वायरचा, २४,००० रुपयांचा, पण दिसायला चांगलाच ठोकळा. दुसरा छोटा, पांढरा, वायरलेस, ५८,००० चा. पत्नीचं म्हणणं, "हॉल आहे का गोडाऊन? अन् त्याच्यामागे झाडू कुठून मारायचा?" म्हणून छोटाच घ्यावा, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर, नाहीतर दोन लाखांची एफडी मोडून, असा यांचा विचार. आणि शेवटच्या ओळीत हळूच विचारलंय, घरी किंमत तीस हजार सांगितली तर चालेल का?

शेवटचं आधी घेतो. नाही चालणार. होम लोन जॉइंट, खातं जॉइंट, आणि बँकेचे एसएमएस वहिनींच्या मोबाइलवर येतात हे तुम्हीच लिहिलंय. तीस हजाराची थाप पहिल्या हप्त्यालाच उघडी पडेल, आणि मग सबवूफर बाजूला राहून वाद भलत्याच गोष्टीवर जाईल.

आता आकडे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,३०,००० रुपये. होम लोनच्या हप्त्यासकट घरखर्च ८५,०००. एसआयपी २०,०००. म्हणजे महिन्याला २५,००० उरतात. ज्या एफडीवर तुमचा डोळा आहे ती तुमची एकुलती एक अडीअडचणीची गंगाजळी आहे. सहा महिन्यांच्या खर्चाच्या हिशेबाने ती पाच लाखांच्या वर हवी, आहे दोन लाख. त्यामुळे एफडी मोडायची नाही. उलट उरलेल्या २५,००० मधले १५,००० दरमहा तिच्यात टाका, तरी खड्डा भरायला पावणेदोन वर्षं लागतील. राहिले १०,०००. हौसेचं बजेट हेच, आणि ते वाईट नाही.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल बोलायचं तर, शून्य टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. क्रेडिट कार्डावर हे कसं चालतं ते बघा. वर्षाला १६ टक्के व्याज धरलं, तर ४,८३३ चे बारा हप्ते म्हणजे मुळात सुमारे ५३,३०० रुपयांचं कर्ज. उरलेले ४,७०० व्याजाचे. विक्रेता तेवढी सूट देतो म्हणून तुम्हाला व्याज दिसत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेआठशेच्या आसपास, तुमच्याच स्टेटमेंटवर येतो. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि जो दुकानदार बँकेसाठी ४,७०० सोडू शकतो, तो रोखीच्या गिऱ्हाइकाला यातलं किती सोडेल, हे विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका. सीताबर्डीच्या दुकानात हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

पण माझ्या मते तुमची खरी चूक व्याजात नाही, आकाराला पैसे मोजण्यात आहे. बेसच्या बाबतीत एक जुना नियम आहे: छोटा डबा, खोलवरचा आवाज आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिनातल्या दोनच गोष्टी मिळतात. डबा छोटा केला की आत दणकट ॲम्प्लिफायर आणि जड स्पीकर घालावा लागतो. तुमच्या दोन मॉडेलमधल्या ३४,००० च्या फरकातला मोठा वाटा याचा आहे. म्हणजे आवाज जास्त चांगला मिळावा म्हणून नव्हे, डबा दिसू नये म्हणून हे पैसे जाणार.

आणि दिसू नये यासाठी निसर्गाने फुकट सोय केलेली आहे. अगदी खर्जातला, म्हणजे साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. ४० हर्ट्‌झची एक लाटच साडेआठ मीटर लांब असते, तुमच्या हॉलपेक्षा मोठी. त्यामुळे सबवूफर टीव्हीशेजारीच मिरवायला हवा असं काही नाही. तो सोफ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, साइड टेबलच्या जागी ठेवा. कोपऱ्यात दोन्ही भिंती त्याला हात देतात, आवाज वाढतो, मग व्हॉल्यूम कमी ठेवून भागतं. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० वर राहू द्या. १२०-१५० वर नेलात तर पुरुषी आवाजाचा घोगरेपणा कोपऱ्यातून यायला लागेल आणि वहिनी विचारतील, हा माणूस सोफ्यामागून का बोलतोय?

मात्र जागा तुम्ही एकट्याने ठरवू नका. वहिनींनी चालतील त्या दोन-तीन जागा सांगाव्यात. मग सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावा आणि त्या जागांवर डोकं जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे ढोल घुमत नाही, गळत नाही, एकसारखा येतो, ती जागा पक्की. हे जरा हास्यास्पद दिसतं, शेजारी आले तर समजावणं अवघड आहे, पण उपाय खरा आहे. झाडूचा प्रश्न मात्र रास्तच आहे. खाली फर्निचरची चाकं लावू नका, डबा थरथरेल. रबरी पाय हवेत आणि भिंतीपासून हातभर अंतर, म्हणजे झाडूही जातो आणि मागचं पोर्ट, म्हणजे हवेचं भोकही मोकळं राहतं. वर फुलदाणी, फोटोफ्रेम काही ठेवायचं नाही. पहिल्याच मारामारीच्या सीनला त्या खणखणायला लागतात. सुताराकडून बंद कपाट करून आत कोंडायचा बेत असेल तर तोही सोडा. कपाटच वाजतं, आणि आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यात आतला ॲम्प्लिफायर भाजून निघतो.

मे महिन्यावरून आठवलं. मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत तुमच्या हॉलच्या खिडकीत कूलर घरघरत असणार. त्या आवाजात बेसमधले बारकावे बुडतात. महागड्या डब्याचा अगदी खोलचा आवाज वर्षातले जवळपास तीन महिने तुम्हाला ऐकूच येणार नाही. शिवाय कूलरची ओलसर हवा सरळ डब्यावर आली तर त्याचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) फुगतं. कोपरा निवडताना कूलरची दिशाही बघा.

वायरलेसने फार हुरळून जाऊ नका. सिग्नलची वायर जाते, पण प्लगची वायर राहतेच. पुष्कळसे वायरलेस सबवूफर तर त्याच कंपनीच्या साउंडबारशीच बोलतात. तुमच्या रिसीव्हरला तो जोडता येतो का, हे आधी खात्री करून घ्या.

तेव्हा माझं मत २४,००० वाल्याला. लांब केबल, भिंतीकडेची केसिंग पट्टी, रबरी पॅड आणि चांगला स्पाइक गार्ड धरून २८,००० च्या आत बसेल. दरमहा १०,००० बाजूला टाका, तीन महिन्यांत रोख घ्याल. छोट्यासाठी सहा महिने थांबावं लागेल. तो घ्यायला माझी हरकत एकाच परिस्थितीत नाही: वहिनींनी सांगितलेल्या एकाही जागेत मोठा डबा मावत नसेल, आणि ५८,००० चा खरा आकडा ऐकून त्या हो म्हणाल्या असतील. मग सहा महिने थांबा आणि खुशाल घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण बोलून घ्या: खालच्या मजल्यावरचे लोक. बेस स्लॅबमधून उतरतो, दार लावून थांबत नाही. रात्री दहानंतर सबवूफर बंद, हे आताच ठरवा.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. आतल्या ॲम्प्लिफायरची वॉरंटी स्पीकरइतकीच आहे का? पुष्कळदा ती कमी असते, आणि व्होल्टेज वरखाली झालं की आधी तोच जातो. दुसरं, दुरुस्ती नागपुरात होते की पंधरा-वीस किलोचा डबा पॅक करून मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो, आणि तो खर्च कोणाचा? उत्तर तोंडी घेऊ नका, बिलावर लिहून घ्या.