पद्मिनी की ॲम्बॅसेडर? आधी टर्म विमा

ठाण्याचे एक वाचक (वय 42) विचारतात: 1985ची प्रीमियर पद्मिनी घेऊ की 1998ची इसुझू इंजिनाची ॲम्बॅसेडर? दोन्ही चार लाखांच्या आसपास. पैसे 14 टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जातून. लग्नसराईत गाडी भाड्याने देऊन हप्ता निघेल, पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल, असा त्यांचा हिशेब. जाता जाता लिहितात, ‘विम्याची काळजी नाही, वर्षाला 72 हजार भरतो, 14 लाखांची पॉलिसी आहे.’ पत्नी घर सांभाळतात, दोन मुलं शाळेत, घरखर्च महिना 60 हजार, गृहकर्ज 38 लाख.

घाटात चौघांना घेऊन जायचं असेल तर ॲम्बॅसेडर. 1800 सीसीपुढे पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन कमीच पडतं. देखभालीला पद्मिनी सोपी. ती कुर्ल्यात बनायची, मुंबईत टॅक्सी म्हणून धावली, तिचे जाणते मिस्त्री इथे अजून सापडतात. दोन्हींत मोठा खर्च सडलेल्या पत्र्याचा.

भाड्याचं मात्र विसरा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. कर्जाचा हप्ता 9,300, म्हणजे पाच वर्षांत साडेपाच लाख. देखभाल वर्षाला 40 हजार धरा, झाले साडेसात. किंमत खरंच दुप्पट झाली तरी हातात पन्नास हजार! आणि ती का व्हावी? ॲम्बॅसेडर तर 2014पर्यंत बनत होती.

मला धास्ती वाटली ती विम्याच्या ओळीने. उद्या तुम्हाला काही झालं तर 14 लाखांत गृहकर्ज निम्मंही फिटत नाही, मग मुलांचं काय? ही एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी विकणाऱ्याने तुमच्यावर कर्ज किती, एवढंही विचारलं नाही, याचा मला संताप येतो. परतावाही जेमतेम पाच टक्के.

याच महिन्यात दीड कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणारा विमा. प्रकृती ठीक असेल, तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला साधारण 30-35 हजार. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अर्जात लिहा, लपवू नका. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा. सात हप्ते भरलेत, तो पर्याय तुम्हाला आहे.

विम्याच्या हप्त्यात वाचलेले चाळीस हजार आणि कर्जाच्या हप्त्यासाठी काढणार होतात ते महिना 9,300, असे वर्षाला दीड लाख बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाका. तीन वर्षांच्या आत चार लाख रोख जमतील. तेव्हा मिस्त्रीला सोबत घेऊन गाडी बघा, आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे ते तपासा, आणि फ्लोअर सडलेला दिसला तर बयाणा देऊ नका.