बाबांची पंच्याहत्तरी आणि बारा लाखांचा विमा

पुण्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४२, खासगी नोकरी, हातात येणारा पगार महिना १ लाख १० हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगी सहावीत. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या पंच्याहत्तरीला ९० पाहुण्यांसाठी नारायणराव पेशव्यांच्या खुनावर मर्डर मिस्ट्रीचा खेळ ठेवायचा आहे आणि इव्हेंटवाल्यांनी २ लाख ८० हजारांचा आकडा दिला आहे. प्रश्न असा, की पर्सनल लोन घ्यावे की वर्षाला १ लाख २० हजारांचा हप्ता असलेल्या आयुर्विमा पॉलिसीवर कर्ज काढावे? बँकेतला माणूस म्हणतो, पॉलिसीवरचे स्वस्त पडेल.

स्वस्त पडेल, पण मिळेल किती ते त्याने सांगितलेले नाही. तुम्ही १ लाख २० हजारांचे तीन हप्ते भरलेत, म्हणजे ३ लाख ६० हजार. तीन हप्त्यांनंतर अशा पारंपरिक पॉलिसीची हमीची सरेंडर किंमत, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडली तर हाती येणारी रक्कम, भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के धरा, साधारण सव्वा लाख. कर्ज मिळते ते या सव्वा लाखाच्या ८०-९० टक्के. लाखभरात २ लाख ८० हजारांचा खेळ कसा बसणार? विकताना 'कधीही कर्ज काढता येते' म्हणायचे आणि आकडा गिळायचा, हा प्रकार मला अजिबात सहन होत नाही.

पण पत्रातली मला खरोखर अस्वस्थ करणारी ओळ वेगळीच आहे. तुम्ही सहज लिहून गेलात: 'गृहकर्ज ४८ लाख शिल्लक आहे, त्याला वेगळा विमा नाही, पण ही पॉलिसी आहेच.' त्या पॉलिसीत विमा किती? १२ लाख. तुमचा ईएमआय ४२ हजार. उद्या तुम्ही नसलात तर त्या १२ लाखांत जेमतेम २८ हप्ते जातील. तेही घरखर्चाला, मुलीच्या शाळेला त्यातला एक रुपया न लावता. मुलगी आठवीत जाईल तोवर पैसे संपलेले असतील आणि घर बँकेच्या दारात असेल. वर्षाला १ लाख २० हजार भरून तुम्ही कुटुंबाला एवढेच संरक्षण दिले आहे.

'मग गुंतवणूक म्हणून तरी चांगली आहे ना? पैसे दुप्पट होतात.' हेही तुमच्याच पत्रात आहे. १२ वर्षांत १४ लाख ४० हजार भरायचे, विसाव्या वर्षाअखेर २७ लाख मिळायचे. ऐकायला दुप्पट. वर्षाचा परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्याही आत येतो. पीपीएफ आज ७.१ टक्के देते. हा दर दर तिमाहीला जाहीर होतो, बदलू शकतो, पण 'गॅरंटीड' या एका शब्दासाठी अडीच टक्के दरवर्षी सोडून देणे मला पटत नाही.

आता काय करायचे? सरेंडर करू नका, तोटा पक्का होतो. पॉलिसी पेड-अप करा. पुढचे हप्ते थांबतील, विमा आणि मुदतीअखेरची रक्कम प्रमाणात कमी होईल. १२ पैकी ३ हप्ते म्हणजे सतरा वर्षांनी २७ लाखांऐवजी अंदाजे पावणेसात लाख. दरवर्षी मोकळे झालेल्या १ लाख २० हजारांतून एक कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर कुटुंबाला पैसे देणारा विमा. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, २०-२५ हजारांत बसायला हवा, आणि वैयक्तिक विम्यावर आता जीएसटीही नाही. उरलेले ९५ हजार नऊ वर्षे पीपीएफमध्ये टाकून तिथेच राहू द्या. आजच्या दराने सतराव्या वर्षी त्याचे २१ लाखांच्या वर होतात. पावणेसात मिळवा: २८ लाखांच्या आसपास. खिशातून जाणारे पैसे नऊ वर्षे तेवढेच, शेवटी हाती येणारी रक्कम जवळपास तीच, आणि मध्ये विमा १२ लाखांचा नाही, एक कोटीचा. दहाव्या वर्षापासून टर्मचा हप्ता वेगळा भरावा लागेल, तो भराच.

टर्म प्लॅन घेताना फॉर्ममध्ये १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घेण्याचा पर्याय असतो. तो निवडा, म्हणजे ते पैसे पत्नी आणि मुलीचेच राहतील, देणेकऱ्यांना हात लावता येणार नाही. आणि क्रम चुकवू नका: आधी मेडिकल, मग टर्म पॉलिसी हातात, त्यानंतरच जुनी पेड-अप.

खेळ मात्र करा. कल्पना मला मनापासून आवडली. फक्त त्यासाठी एक रुपयाही कर्ज नको. २ लाख ८० हजारांत लॉन आणि जेवणाचे १ लाख १० हजार आहेत, ते राहू द्या. बाकीचे १ लाख ७० हजार नट, संहिता, पोशाख आणि ध्वनी-प्रकाशाचे आहेत. ९० जणांना ९० भूमिका लागत नाहीत. घरचीच बारा माणसे पात्रे करा, पगडी-उपरणी भाड्याने आणा, बाकीच्यांचे दहा टेबलांवर पंच बसवा आणि प्रत्येक टेबलाला फेरीगणिक पुराव्याचे एक पाकीट द्या. २५ हजारांत हे होते.

वार कोणी केले, हे रहस्य ठेवू नका. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारद्याने काय केले ते शाळकरी पोरालाही ठाऊक असते, खेळ दहा मिनिटांत संपेल. रहस्य त्याच्या मागे आहे. थकलेला पगार मागायचे निमित्त करून शिरलेल्या गारद्यांना फूस कोणाची? 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला ही गोष्ट खरी धरायची का? बंदोबस्ताला सांगितलेले हरिपंत फडके जेवायला गेले, ती नुसती हलगर्जी होती? यावर टेबलाटेबलांवर भांडणे होतील. निवाडा द्यायला रामशास्त्री प्रभुणे म्हणून बाबांना बसवा. इतिहासाच्या मास्तरांना याहून चांगली जागा नाही.

एकूण १ लाख ३५ हजार. थोरले दादा आणि ताई आहेत असे तुम्ही लिहिले आहे, त्यांना अंधारात ठेवू नका. तिघांत ४५-४५ हजार येतात आणि तुम्ही ते तीन महिन्यांत पगारातून बाजूला काढू शकता. दोन लाखांची एफडी आहे तिला हात लावू नका, आणीबाणीला तुमच्याकडे तेवढेच आहे.

पॉलिसीचा चौथा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, वर ३० दिवसांचा ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता भरायची वाढीव मुदत. म्हणजे टर्म प्लॅनच्या मेडिकलची तारीख याच आठवड्यात घ्या, आणि विमा कंपनीला ईमेल करून पेड-अप रक्कम व सरेंडर किंमत, दोन्ही आकडे लेखी मागवा. बँकेतल्या माणसाच्या तोंडी आकड्यावर काही ठरवू नका.